थंडीत स्पा थंड पडला तर

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्या बेटावरील पुष्कळांच्या डोळ्यांसमोर लख्ख ऊन, लांबच लांब समुद्रकिनारा आणि कांगारू उभे राहतात. त्या देशात कडाक्याची थंडीही पडते, हे बहुतेकांना तेथे गेल्यावरच कळते. न्यू साउथ वेल्समधील शार्लट पास या डोंगरी ठिकाणी २९ जून १९९४ रोजी पारा शून्याखाली २३ अंशांपर्यंत उतरला होता. टास्मानियातील लिआवेनी येथे ७ ऑगस्ट २०२० रोजी तो शून्याखाली १४.२ अंशांवर गेला. ही झाली डोंगराळ भागाची गोष्ट. पण राजधानी कॅनबेरातही जुलैची रात्र सरासरी शून्य अंशाच्या आसपास असते, आणि मेलबर्नची ६-७ अंशांच्या. क्यूरपिप आणि वाक्वाच्या गारठ्यालाच थंडी म्हणणाऱ्या आपल्या माणसांना हे जड जाते.

तरीही आपली पुष्कळ मंडळी नेमकी याच दिवसांत तिकडे जातात. १९७३ साली 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरण संपुष्टात आल्यावर आपल्या बेटावरील कुटुंबांना त्या देशाची दारे मोकळी झाली. आज मेलबर्नच्या आग्नेय उपनगरांत, सिडनीत, पर्थमध्ये आपल्यापैकी कुणाची ना कुणाची लेक, मुलगा, भाचा राहतो. आई-वडील दोन-तीन महिने जातात, नातवंडे सांभाळतात. सकाळी मुलगा आणि सूनबाई कामावर गेली की घर वडीलमंडळींच्या ताब्यात. आणि त्या घराच्या मागच्या अंगणात कधीकधी एक मोठे गरम पाण्याचे कुंड असते. तिकडे त्याला 'स्पा' म्हणतात.

हा स्पा उन्हाळ्यात क्वचितच त्रास देतो. तो रुसतो तो थंडीत, आणि बहुधा घरात जाणकार माणूस नसताना. अशा वेळी काय पाहावे, काय करावे आणि कशाला मुळीच हात लावू नये, हे आम्ही आज सांगणार आहोत. विषय चैनीचा वाटेल; परंतु यात वीज आहे, खोल पाणी आहे आणि फुप्फुसाचा एक गंभीर आजारही आहे. म्हणून तो घरातल्या आजी-आजोबांना ठाऊक असलेला बरा.

कोकणातले उन्हाळे आणि अंगणातला स्पा

गरम पाण्यात बसणे आपल्याला नवे नाही. आपले पूर्वज ज्या रत्नागिरी भागातून आले, तेथे राजापूरजवळ, संगमेश्वर तालुक्यात तुरळ आणि आरवली येथे आणि दापोलीच्या उन्हवरे गावी गरम पाण्याचे झरे आहेत. सांधे दुखणारी माणसे तेथे जाऊन आंघोळ करीत आली आहेत.

आजच्या स्पाचा जन्मही दुखण्यातूनच झाला. इटलीतून अमेरिकेतील कॅलिफोर्नियात जाऊन स्थायिक झालेले जकूझी बंधू प्रथम विमानाचे पंखे आणि नंतर पाण्याचे पंप बनवीत. त्यांपैकी कँडिडो यांच्या लहान मुलाला संधिवात होता. त्याला घरच्या टबातच पाण्याच्या झोताचा शेक मिळावा म्हणून त्यांनी पंप तयार केला आणि १९५६ साली तो बाजारात आणला. पुढे १९६८ साली त्याच घराण्यातील रॉय जकूझी यांनी टबाच्या भिंतीतच झोत बसवले. आजचे स्पा त्याच वाटेने आले.

पण उन्हाळे आणि स्पा यांत एक मोठा फरक आहे. झऱ्याचे पाणी जमिनीतून सतत गरम येते आणि सतत वाहून जाते. स्पात तेच ते हजार-दीड हजार लिटर पाणी पंप फिरवतो, गाळणी गाळते, हीटर तापवतो आणि क्लोरीन शुद्ध ठेवते. ते फिरणे थांबले की पाणी निवते, नासते, आणि कडाक्याच्या थंडीत नळ्यांत गोठतेही. म्हणून थंडीतल्या स्पाचा पहिला धडा असा की पाणी फिरते राहिले पाहिजे. पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात.

जो बिघाड नाही, तो आधी ओळखा

पुष्कळदा स्पा बिघडलेलाच नसतो. मध्यरात्री पंप आपोआप सुरू होतो आणि घरघर ऐकू येते. कुणीतरी चालू ठेवला असे समजून आजोबा उठतात आणि भिंतीवरचे बटण बंद करतात. खरे पाहता गारठा वाढला की नळ्या गोठू नयेत म्हणून पंप स्वतःहून पाणी फिरवतो, अशी सोय बहुतेक स्पांत असते. ते बटण बंद करणे म्हणजे घरावरचा राखणदार निजवण्यासारखे आहे. थंडीत मुख्य बटण कारण असल्याखेरीज बंद करू नये.

तसेच झाकणाच्या कडेने पांढरी वाफ निघते, तिला धूर समजू नये. काही घरांत पाणी तापवण्यासाठी बाहेर हीट पंप बसवलेला असतो. त्याच्या जाळीवर थंडीत पांढरे दहिवर धरते, मग पंखा काही मिनिटे थांबतो आणि वाफ निघते. यंत्र आपल्या अंगावरचे दहिवर वितळवीत असते, एवढेच.

तिसरी गोष्ट वेळेची. 'सकाळी पाणी भरले, दुपार झाली तरी गार कसे?' असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर पाचवीच्या गणितात आहे. समजा, स्पात १२०० लिटर पाणी आहे, नळाचे पाणी १२ अंशांचे आहे आणि आपल्याला ते ३८ अंशांवर न्यायचे आहे. फरक २६ अंशांचा. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे एकूण ३१,२०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. भागाकार केला की सुमारे ३६ युनिटे येतात. हीटर ३ किलोवॅटचा असेल तर १२ तास लागतील, २ किलोवॅटचा असेल तर १८ तास; आणि थंड हवेत जी उष्णता उडून जाते ती वेगळीच. तेव्हा ताज्या पाण्याला एक पुरा दिवस द्यावा.

पाहणीचा क्रम

एवढे करूनही पाणी तापत नसेल, तर खालील क्रमाने पाहावे. हा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो, आणि घरच्या माणसाचे काम चौथ्या पायरीवर संपते.

पहिले, झाकण. स्पाचे झाकण ही त्याची गोधडी. आतला फोम कोरडा असेल तर ऊब राहते. पण वरचे आवरण फाटून फोममध्ये पाणी मुरले की झाकण जड होते, एका माणसाला उचलत नाही. ओली गोधडी पांघरून कुणाला ऊब येईल? अशा झाकणाखाली हीटर रात्रभर चालूनही पाणी कोमटच राहते आणि विजेचे बिल मात्र फुगते. झाकण नीट टेकले आहे का, मधल्या घडीतून वाफ निघते का, हे पाहावे. वाफ निघणे म्हणजे उष्णता पळणे. त्याच वेळी टबाच्या काठावरील हवेच्या गोल चाव्याही पाहाव्यात. त्या उघड्या असतील तर झोताबरोबर बाहेरची गार हवा पाण्यात मिसळते. त्या बंद कराव्यात. शिवाय अनेक लहान स्पांत जोराचे झोत चालू असताना हीटर बंद राहतो, कारण साध्या १० अँपियरच्या जोडणीवर दोन्ही भार पेलत नाहीत. झोत थांबवल्यावर पाणी तापू लागेल.

दुसरे, पाण्याची पातळी. चार नातवंडे टबात उड्या मारून गेली की पाणी बरेच सांडलेले असते. पातळी गाळणीच्या तोंडाखाली गेली की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो, गुरगुरतो, आणि हीटर बंद पडतो. आपल्या आज्या-पणज्या सांगत की बंबात पाणी नसताना जाळ घालू नये, बंब फुटेल. स्पाच्या यंत्रालाही हेच शिकवलेले आहे. हीटरमधून पुरेसे पाणी वाहत नसेल तर तो स्वतःच बंद होतो आणि पाटीवर खुणेची अक्षरे उमटतात. अनेक बनावटींत 'एफएलओ' ही अक्षरे कमी प्रवाहाची असतात आणि 'ओएच' ही पाणी फार तापल्याची. प्रत्येक कारखान्याची खूण वेगळी, म्हणून स्पाबरोबर आलेले पुस्तक घरात सापडेल अशा जागी ठेवावे. 'ओएच' दिसले तर पाण्यात उतरू नये; झाकण उघडून पाणी निवू द्यावे.

तिसरे, गाळणी. चहाच्या गाळणीत चोथा साचला की चहा थेंबथेंब गळतो, तसेच येथेही होते. अंगाचा घाम, तेल, मलम, केस असे सर्व काही कागदी घड्यांच्या त्या नळकांड्यात अडकते. पंप बंद करून गाळणी बाहेर काढावी आणि थोडा वेळ तिच्यावाचून पंप चालवून पाहावा. तेवढ्याने अक्षरे गेली आणि हीटर सुरू झाला, तर दोष गाळणीचा. ती नळाच्या धारेखाली घडी-घडी धुवावी, फारच काळवंडली असेल तर नवी आणावी. गाळणीवाचून स्पा कायम चालवू नये, आणि ती काढलेली असताना कुणीही पाण्यात उतरू नये.

चौथे, नळ्यांतील हवा आणि पाटीवरची व्यवस्था. पाणी बदलल्यानंतर लगेच दोष आला असेल, तर नळ्यांत हवा अडकली असण्याचा संभव फार. म्हणून भरताना नळीचे तोंड टबात न सोडता गाळणीच्या भोकात धरावे. पाणी आतून भरत येते आणि हवा पुढे ढकलली जाते. काही स्पांत काटकसरीची किंवा झोपेची व्यवस्था असते. त्यात हीटर दिवसातून ठरावीक तासच चालतो. हात फिरताना चुकून ती लागली असेल तर थंडीत ते तास पुरत नाहीत.

येथे आपण थांबावे. पाचवी पायरी विजेची आहे, आणि ती आपली नाही.

विजेला हात लावू नये

ऑस्ट्रेलियात घरातील विजेची जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी असा कायदा आहे. आपल्या बेटावर शेजारचा हुशार मुलगा पेचकस घेऊन येतो, तसे तेथे चालत नाही. तेथील घरांत 'सेफ्टी स्विच' असतो. ३० मिलीअँपियर एवढा लहानसा प्रवाह भलतीकडे गळला तरी तो क्षणात वीज तोडतो. स्पाचा हा स्विच पडला तर हात कोरडे करून एकदाच वर करावा. पुन्हा पडला तर त्याला सतावू नये; तो आपला जीव वाचवीत असतो. बहुधा हीटरच्या कांडीत पाणी शिरलेले असते. अशा वेळी सर्वांनी पाण्याबाहेर राहावे आणि वायरमनला बोलवावे.

स्पाला घरातून लांब वायर ओढून वीज देऊ नये. बाजूच्या फळीआडून पाणी ठिबकत असेल आणि ते विजेच्या पेटीकडे जात असेल, तर घरातील मुख्य फलकावरून स्पाची वीज बंद करावी. गारठलेल्या नळ्यांवर उकळते पाणी ओतू नये, फळीआड शेगडी किंवा मेणबत्ती ठेवू नये. एकदम ताप लागला की नळी तडकते, आणि आतला फोम पेट घेऊ शकतो.

वीज गेली तर

९ जून २०२१ च्या रात्री व्हिक्टोरियात मोठे वादळ झाले. मेलबर्नच्या पूर्वेकडील डँडेनाँग डोंगरात झाडे कोसळली, आणि काही घरांत कित्येक आठवडे वीज नव्हती. भर थंडीत असे पुन्हा होऊ शकते.

चक्रीवादळात वीज गेली की आपण फ्रिजचे दार उघडत नाही. आतली थंडी आतच ठेवतो. येथे उलट, आतली ऊब आत ठेवायची. झाकण बंद करून पट्टे आवळावेत आणि 'अजून गरम आहे का' म्हणून दर तासाला उघडून पाहू नये. हजारभर लिटर पाणी सावकाश निवते. चांगले झाकण असेल तर एका रात्रीत काही बिघडत नाही. मेलबर्नसारख्या ठिकाणी गोठण्याची भीती थोडी. कॅनबेरा किंवा जिंदाबाईनसारख्या डोंगरी भागात मात्र गोष्ट निराळी.

शास्त्राच्या तासाला आम्ही मुलांना विचारतो की पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली फ्रीझरमध्ये ठेवली तर काय होईल? पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि बाटली फुटते. स्पात भरलेले कुंड शेवटी गोठते. बोटाएवढ्या नळ्या आधी गोठतात. म्हणून अशा भागात वीज बराच काळ येणार नसेल किंवा दुरुस्ती लांबणार असेल, तर मुलांना लगेच कळवावे आणि माहितगार माणसाला बोलवावे. तळाचे बूच काढून स्पा रिकामा केला की काम झाले, असे समजू नये. वाकड्यातिकड्या नळ्यांत पाणी उरतेच, आणि ते यंत्राने ओढून काढावे लागते.

कोमट पाण्याचा धोका

आता सर्वांत महत्त्वाचे. स्पा दोन-तीन दिवस बंद होता, आता पाणी कोमट आहे, 'तेवढ्यात बसून घेऊ' असा मोह होतो. तो आवरावा. थंडगार पाण्यापेक्षा हे कोमट, न फिरलेले पाणी अधिक घातक असते.

१९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या संमेलनात एका अज्ञात न्यूमोनियाने अनेक माणसे दगावली. पुढे त्याचे जंतू सापडले आणि त्यांना लीजनेला हे नाव पडले. हे जंतू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात, म्हणजे स्पाच्याच तापमानात. ते पोटातून जात नाहीत; झोतांमुळे उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात शिरतात. १९९९ साली नेदरलँड्समधील बोवेनकार्स्पेल येथील फुलांच्या प्रदर्शनात दाखवण्यासाठी मांडलेल्या स्पातून हा रोग पसरला आणि निदान ३२ माणसे मेली. त्यांतील बहुतेकांनी त्या पाण्यात पायही घातला नव्हता. ती माणसे केवळ जवळून गेली होती.

यावर उपाय म्हणजे फिरते पाणी आणि पुरेसे क्लोरीन. पंप थांबला की क्लोरीनही संपते. म्हणून स्पा पुन्हा सुरू झाल्यावर आधी पाणी शुद्ध करावे, तपासपट्टीवर क्लोरीन निदान ३ भाग दर दशलक्ष आणि आम्लतेचा आकडा ७.२ ते ७.८ यांच्यामध्ये दिसेपर्यंत कुणी उतरू नये. पाणी गढूळ, फेसाळ किंवा वास मारणारे असेल तर ते बदलावे. औषध नेहमी पाण्यात टाकावे, औषधावर पाणी ओतू नये, आणि दोन निराळी औषधे एकत्र मिसळू नयेत.

पन्नाशी उलटलेल्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना, दमेकऱ्यांना आणि मधुमेह्यांना हा रोग अधिक गाठतो. त्याची लक्षणे बहुधा २ ते १० दिवसांनी दिसतात. तोपर्यंत पाहुणी मंडळी कदाचित बेटावर परतलेलीही असतात. म्हणून परतल्यावर ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे की आम्ही स्पात बसलो होतो. वेळेवर कळले तर त्यावर औषध आहे.

बसताना आणि उठताना

पाणी ४० अंशांहून अधिक गरम असू नये. वयस्कांनी ३७-३८ अंशांत दहा-पंधरा मिनिटे बसावे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर लेकी-सुनांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मद्य घेऊन बसू नये. एकट्याने बसू नये. गरम पाण्यातून एकदम उठले की घेरी येते, आणि बाहेरची फरशी दहिवराने निसरडी झालेली असते. टॉवेल आणि रबरी चपला हाताशी ठेवाव्यात. लांब केस वर बांधावेत; पाणी ओढून घेणाऱ्या भोकावरची जाळी फुटली असेल तर स्पा वापरूच नये.

आणि नातवंडे! व्हिक्टोरियात ३० सेंटिमीटरहून खोल पाणी मावणाऱ्या स्पाला कुंपण असावेच लागते, नुसते झाकण पुरत नाही. डिसेंबर २०१९ पासून त्याची नगरपालिकेत नोंदणीही करावी लागते. इतर राज्यांचे नियम थोडे निराळे आहेत. पण कायद्याने कुंपण घातले तरी फाटक उघडे टाकणारा हात आपलाच असतो. दुरुस्तीच्या गडबडीत झाकण काढून आजोबा पुस्तक शोधायला घरात गेले, तेवढ्या वेळात दोन वर्षांचे मूल पाण्यापर्यंत पोहोचते. आत जायचे तर आधी झाकण, मग फाटक, मग आपण.

परदेशी गेलेल्या मुलांना आमची एक सूचना आहे. आई-बाबा आले की पहिल्याच रविवारी त्यांना अंगणात न्यावे. स्पाचा मुख्य फलक कोठे आहे, गाळणी कशी निघते, झाकणाचे पट्टे कसे लागतात, हे त्यांच्या हातून करून घ्यावे. एका कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत पाहणीचा क्रम, वायरमनचा क्रमांक आणि संकटकाळचा तिकडचा क्रमांक ०००, एवढे लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवावे. आणि वडीलमंडळींनी विचारायला संकोचू नये. मुलगा कामावर असला तरी 'अरे, पाटीवर अमुक अक्षरे आली आहेत, काय करू?' असा फोन करावा. त्या फोनने त्याचे पाच मिनिटांचे काम अडेल. पण आईला रात्रीच्या गारठ्यात ओल्या हातांनी विजेची पेटी उघडावी लागणार नाही.